इतर नोंदी

रायबंदरची फेरी सव्वाआठची.
पिशवीत वजनकाटा, रक्तदाबाचं यंत्र,
अठरा पानी फॉर्म, निळी दोन पेनं.
काळी चालत नाहीत, पुण्याहून सक्त सूचना आहे.

चोडणला उतरून खाजनाच्या बांधाने गेलं
की सहभागी क्रमांक एकशे सतरा.
नाव लिहायचं नसतं,
म्हणून इथे दुसरंच लिहिते: इनास.
बायको कॉन्सेसांव.

पस्तीस वर्षं त्याने मानस राखली.
ओहोटीला फळ्या उघडायच्या, भरतीला मिटायच्या,
खाऱ्या पाण्याला भाताच्या शेतात
पाऊल ठेवू द्यायचं नाही.
आता हृदयाचा जोर, बांबोळीच्या कागदावर,
पंचवीस टक्के.
"बाय, आतां उदक म्हज्याच पांयांनी चडटा."
हसला.
हसण्याला फॉर्मवर जागा नाही.

नडगीवर अंगठा दाबला. खळगा पडला.
तो भरून यायला लागणारे सेकंद मी मोजत होते
आणि तो सांगत होता,
बांधातलं खेकड्याचं बीळ असंच दिसतं,
आधी बोटाएवढं.

प्रश्न अकरा. आडवं झाल्यावर धाप लागते का?
किती उशा घ्याव्या लागतात?
दोन, आणि उकड्या तांदळाचं अर्धं पोतं.
मी लिहिलं: तीन.

प्रश्न एकोणीस.
गेल्या दोन आठवड्यांत, काहीच उरलं नाही असं वाटणं:
कधीच नाही, काही दिवस, निम्म्याहून जास्त दिवस, जवळपास रोज.
तो बराच वेळ खिडकीतून पाण्याकडे पाहत राहिला.
"अमाशेक चड. अश्टमेक उणें."
चारही चौकटी रिकाम्या ठेवून
मी पेन हातात धरून बसले.
चौदा दिवसांत एक उधाण, एक भांग.
ज्या कुणी हा प्रश्न रचला,
समुद्र नसलेल्या कुठल्याशा गावात,
त्याला हे ठाऊक नसावं
की मुदत चंद्राने आधीच ठरवून ठेवली होती.

स्वयंपाकघरात आगराचं जाड मीठ, मडकंभर.
वर पालथी परात, परातीवर पाटा.
डॉक्टरने सांगितलं म्हणून
ती दोघंही अळणी जेवतात.

"रात्री उठून बसतो," ती म्हणाली,
"विचारतो, दार मिटलं का?
आधी मी विचारायची, कुठलं दार?
आता म्हणते, मिटलं."

मग, मी पिशवी आवरताना:
"म्हाका कांय विचारपाचें ना?"
नाही, म्हटलं. अभ्यासात तुम्ही नाही.
वाक्य बरोबर होतं.
फेरीत बसल्यावर ते ऐकू आलं.

सहा महिन्यांनी गेले, तर खुर्ची भिंतीला लावलेली.
पान सतरा: पाठपुरावा थांबण्याचं कारण.
पाच पर्याय.
तिच्यासमोर खूण करवेना,
म्हणून धक्क्यावर येऊन केली.

निघताना तिने सुंभ दिला, गुंडाळी करून.
दर आयतारी मिसाहून आल्यावर
त्याच्या घोट्याभोवती एक वेढा घ्यायची,
वेढा पुरा होई तिथे गाठ.
पुढच्या आयतारी त्याच गाठीपासून पुढे.
सव्वीस गाठी.
मधली अंतरं वाढत गेलेली,
जूनमध्ये गोळी बदलली तिथे एकदम आखडलेली,
नंतर पुन्हा सैल, आणखी सैल.
शेवटच्या गाठीपुढे
हातभर सुंभ मोकळा.

शेवटच्या पानावर, "इतर नोंदी"पाशी,
मी तो स्टेपल केला. तीन पिना मोडल्या.

मंगळवारी पुण्याहून फोन.
मॅडम, एकशे सतराच्या पाकिटात दोरी आलीय.
चुकून असेल. टाकू का?
नको, म्हटलं.
मग कुठल्या रकान्यात भरू?
वाचून बघा.
म्हणजे?
जळकं टोक आहे ना, तिथून सुरुवात करा.
हॅलो, तो म्हणाला,
मॅडम, आवाज तुटतोय तुमचा.