कट्ट्यावरची रिकामी जागा

बावीस वर्षं गंगावेशीच्या कट्ट्यावर
माझी म्हैस आणि मी,
एका रात्रीचा खाडा नाही.
आई गेली त्या आठवड्यातसुद्धा नाही.

सर्दी येते ती पाहुण्यासारखी,
आधी निरोप धाडून, नाक खाजवत.
हे तसं नव्हतं.
तीनला वैरण तोडत होतो,
साडेतीनला विळा हातातून सुटला.
हाडाहाडांत कळ, डोळ्यांमागं निखारे,
आणि ऐन उन्हात दात वाजायला लागले.

सुगंधा म्हणाली, गोळी घ्या एक,
तास-दोन तासांचं तर काम.
मी कासंडी उचललीसुद्धा.
मग ग्लास आठवले.
एकाच बादलीत विसळलेले सहा ग्लास.
नऊला येणारे घोरपडे मास्तर, छातीवर टाक्यांची वीण.
तांबोळ्यांची शमीम, सातवा महिना,
नुसता वरचा फेस मागते.
आणि धार काढताना खोकला
काय विचारून येतो?

कासंडी खाली ठेवली.
मेव्हण्याला म्हटलं, तू पिळ,
दूध डेअरीला घाल, तिथं तापवतात तरी.

आता परड्यातल्या खोलीत बाज,
वेगळा तांब्या, खिडकी सताड,
खोकला आला की तोंड कोपरात.
सुगंधा पेजेची वाटी उंबऱ्यावर ठेवून मागं सरते,
साबणानं हात धुते
मोठ्यानं आकडे मोजत,
मला ऐकू यावेत म्हणून.

साडेआठला म्हैस रेकली.
दावं ताणून, वाटेकडं तोंड करून उभी.
"उद्यापण नाही गं," म्हटलं,
"धाप लागली तर दवाखाना,
नाहीतर ताप उतरेपर्यंत हीच बाज."
तिनं एक कान हलवला,
पो टाकला,
आणि रवंथ करत बसली.