एक, तीन, चार, दोन

नंदगडच्या लाकूड वखारीमागं, फणसाखाली
ती अठरा वर्षं उभी होती.
उभी कसली, टेकलेली.
मागच्या सीटच्या सांगाड्यात कोंबडी अंड्यांवर बसलेली.
तिला उठवायचं नाही, या अटीवरच
गावड्यांनी जीप दिली.
एकवीस दिवस थांबलो.
मग ट्रॅक्टरला दोर बांधून
खानापूरवरनं अनगोळात दारासमोर आणली,
तेव्हा गल्लीतली पोरं म्हणाली,
काका, हे काय करूलालास?

मला तरी कुठं ठाऊक होतं.

उद्यमबागेत एकतीस वर्षं लेथवर काढलेली.
लोखंड नवं नव्हतं मला.
पण लेथवर येतं ते लोखंड मुकं,
अजून कुणाचंच न झालेलं.
हिला खरवडलं की ही बोलायची.
वर पिवळा, कुठल्याशा कंत्राटदाराचा.
त्याखाली पांढरा.
पांढऱ्याखाली निळा, कुणाच्या तरी वरातीसाठी घाईत फासलेला,
त्यात ब्रशचे दोन केस अजून चिकटलेले.
सगळ्यांत खाली फौजी हिरवा.
आणि बाजूच्या पत्र्यावर नंबर:
आधी देवनागरी, त्यावर कानडी, त्यावर इंग्रजी.
तिन्ही आकडे एकच.
एमरी पेपर माझ्या हातात तसाच राहिला.
घासा की, म्हणाला इराप्पा हुक्केरी.
म्हटलं, तेवढा पत्रा असू दे.

इराप्पा पान्याला पानाच म्हणतो.
बाकी आमचं निम्मं बोलणं हातवाऱ्यांवर,
निम्मं शिव्यांवर;
शिव्या दोघांच्याही दोन्ही भाषांत पक्क्या.
गिअरबॉक्स उघडला तर काकवीसारखं तेल
आणि तळाशी तुटलेला दात.
नवा गिअर दस्तगीर मुल्लानं कापून दिला,
रविवारी, मालक मिरजेला गेल्यावर.

सम्पचं गॅस्केट मात्र मिळेना.
पुण्याहून आलं ते दोन सूत मोठं.
मंदानं हातातला ब्लाऊज बाजूला ठेवला,
कॉर्कचा तक्ता पसरला, खडूनं कड आखली,
आणि बोल्टांची भोकं काजांसारखी मोजून
मला विचारलं,
शिवणीत दाब सोडतात, तसा हितं सोडायचा काय?
जीप आज सगळीकडनं गळते.
तिथनं नाही.

तरी सुरू होईना.
पेट्रोल येतंय, ठिणगी पडतेय,
आणि ही नुसती खोकते, एकदा तर
सायलेन्सरमधनं शेजारच्या तुळशीवर काजळी.
चार महिने.
वायरी तपासल्या, पुन्हा तपासल्या:
एक, तीन, चार, दोन.
झोपेतही तेच पुटपुटायचो म्हणे.
शेवटी मंदा मशीनवरनं उठून आली,
दाताखाली दोरा तसाच.
चाक कुठल्या अंगाला फिरतंय ते बघितलास काय?
माझं उलटं फिरवलं की दोरा तुटतो.

मी डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढलं.
इराप्पानं हँडल मारलं.
रोटर डावीकडं फिरला.
मी सगळ्या वायरी उजवीकडनं लावलेल्या.
एकतीस वर्षं लेथवर.

मग कार्ब्युरेटरच्या तोंडावर माझा तळवा,
सीटवर मंदा, साडी खोचून,
पाय स्टार्टरच्या बटणावर,
जसा तो रोज पायट्यावर असतो.
दाबला.

धूर गेल्यावर इराप्पा एवढंच म्हणाला,
आत बिडरी.
मंदा काही उतरेना.
गल्लीच्या टोकापर्यंत पहिल्या गिअरवर गेली,
वळवता येईना म्हणून तिथंच थांबून राहिली,
इंजिन चालू ठेवून.

आता मे महिन्यात बॉनेटवर कुरडया वाळतात.
जांबोटीला गेलो की चिखल घेऊन येतो,
आणि दुसऱ्या दिवशी ग्रीस गन घेऊन
दोघं खाली शिरतो.
मी मोजतो: सत्तावीस निपल.
इराप्पा मोजतो: इप्पत्तेंटु.
म्हणजे अठ्ठावीस.
एक कुठं राहतो, अजून कळलेलं नाही.
तो म्हणतो, तुमचं चुकतंय.
मी म्हणतो, तुझं.
गोणपाट सरकवतो
आणि पुन्हा एकापासनं.