जड पाणी

अंजनाबाई शेंदरे म्हणाली होती,
पारडीच्या विहिरीवर, बादली टेकवून:
"पानी जड हाय वो पोरी.
तुरीची डाळ दोन घंटे खदखदते, पन फुटत नाई."
मी वहीत तसंच उतरवलं.
बाटलीवर नंबर टाकला, सतरा.

आता मे महिना, रात्रीचे साडेअकरा.
विषय रसायनशास्त्र, भाषा इंग्रजी,
दोन्ही आमच्या घरात कोणी केले नव्हते.
एआयच्या चौकटीत टाइप करते: द वॉटर इज हेव्ही.
मशीन अदबीनं विचारतं,
जड पाणी म्हणजे ड्युटेरियमचं, अणुभट्टीतलं का?
मी एकटीच हसते.
पलीकडून उज्ज्वला कूस बदलते, "झोप ना बे."

अणुभट्टी नाही. डाळ.
मग हार्ड. मग हार्डनेस. मग
कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशोबात
सहाशे चाळीस मिलिग्रॅम दर लिटर.
वाक्य सरळ झालं, तेल लावून भांग पाडल्यासारखं.
डाळ गेली त्यातून. दोन घंटे गेले.

विचारलं, इथे 'अ' का, आणि तिथे 'द' का?
शाळेत या प्रश्नाला छडी होती.
मशीननं न चिडता चौथ्यांदा सांगितलं:
विहीर पहिल्यांदा भेटते तेव्हा अ वेल,
ओळख झाली की द वेल.
एवढंच होतं?
म्हणजे आपण म्हणतो तसं,
ती विहीर नाही का, चिंचेखालची.
आणि अंजनाबाईच्या आधी काय लावू?
काही नाही. नावाला काही लागत नाही.

पण पेपरला नावच लागत नाही.
सॅम्पल्स वर कलेक्टेड.
दोर कोणी ओढला, हात कोणाचे सोलले,
ते कर्मणी प्रयोगात बुडालं.
ढोमणे मॅडम म्हणतात, हीच शिस्त.
असेल. शिस्त शिकायलाच आले आहे मी.
फक्त फर्दरमोअर तीन ठिकाणी खोडलं,
दुसऱ्याच्या कवळीसारखं
तोंडात बसत नव्हतं.

एक वाक्य मात्र मशीनला दाखवलं नाही.
चर्चेच्या भागात, शेवटून दुसऱ्या परिच्छेदात,
माझ्याच इंग्रजीत:
अ वुमन सेड, दाल टेक्स टू अवर्स.
पुढच्या ओळीत ती पुन्हा आली
तेव्हा लिहिलं, द वुमन.

कूलरचा पंप अडखळतो.
उठून ताट्यांवरचा पांढरा थर
नखानं खरवडते, चुन्यासारखा.
सहाशे चाळीस असेल. जास्तही असेल.
हॉस्टेलचं पाणी अजून कोणी मोजलं नाही.