शेरा

रजिस्टरात शेवटचा रकाना शेऱ्याचा.
बावीस वर्षं मी तिथं लिहितोय :
ठीक. ठीक. ठीक. भोकं. ठीक.
खाली सही, म्हणजे एक आकडी आणि पुढं फरपट.
ती माझी आहे का, असं कुणी विचारलेलं नाही.

उद्यमनगरात, जळक्या रेतीचा वास
डब्यातल्या भाकरीलाही लागतो अशा शेडमध्ये
आम्ही पंपाच्या बॉड्या ओततो.
वर कंपनीचं नाव, ठसठशीत,
बाजूला हीट नंबर, तारीख.
लोखंडाला एवढी ओळख पुरते.

त्या मार्चात तीन नग असे आले
की आतल्या अंगाला, जिथं पुढं फक्त पाणी फिरणार,
तिथं एक उंचवटा.
मी बॅटरी मारली. बोट फिरवलं.
माझाच अंगठा त्यावर नेमका बसला.
रेतीत दाबलेलं लोखंडात वर येतं,
हे आमच्याकडं शिकाऊ पोरालाही माहीत असतं.

लाल खडूनं तिन्हींवर फुली मारली.
शेऱ्यात पहिल्यांदाच एक अख्खी ओळ लिहिली :
‘आतून उंचवटा, अंगठ्याएवढा. मोल्डरचा दोष. परत.’

सुट्टीच्या भोंग्यानंतर तो आला.
ईश्वरा कुंभार. भुवयांत काजळी,
हातात रिजेक्शनची चिठ्ठी.
पगारातनं कापणार म्हणून भांडेल,
मी उत्तर जुळवून ठेवलं होतं.

“दिसलं व्हय सायेब तुमास्नी?”

दिसणारच, म्हटलं. कामच आहे ते माझं.

“न्हाई, अकरा वर्सं दाबतोय.
रोज शेवटच्या साच्यात, एकच डाव.
आता एकतीस तारखेला घरी बसायचं,
म्हनून जरा जोरात दाबला. तीनदा.”

अकरा वर्षं.
मी मनात पानं उलटत गेलो :
ठीक, ठीक, ठीक.
त्यातले किती आता गडहिंग्लजच्या, राधानगरीच्या विहिरींवर
उसाला पाणी ओढत असतील,
आणि पाणी रात्रभर त्या अंगठ्यावरून जात असेल,
काही न म्हणता.

तो बोलतच राहिला, माझ्याकडं न बघता.
बाप बापट कॅम्पात गणपती करायचा.
रंग, डोळे, सोंड सगळं गिऱ्हाइकाच्या मनासारखं,
पण मूर्तीच्या पोकळीत, आतनं,
एक बोट ओढून ठेवायचा.
“कुनी बघितलं न्हाई. पंचगंगेनं बघितलं आसंल.”
मग हसला. दात पांढरे, बाकी सगळा काळा.

“पैसं कापा. चिठ्ठी तेवढी मला ऱ्हाऊ दे.”

नियमानं चिठ्ठी फाईलला लागते.
मी कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडं गेलो, तोही मागोमाग.
दोन रुपये त्यानंच दिले, मला देऊ दिले नाहीत.
ओली असल्यासारखी ती प्रत
त्यानं दोन्ही हातांनी धरली, दिव्याखाली नेली,
शेऱ्यावर बोट ठेवून सावकाश वाचली.
‘दोष’ या शब्दावर तो थांबला नाही.
सहीवर थांबला.

“हे काय लिवलंय?”
माझं नाव.
“वाचता येत न्हाई की.”

शेडमध्ये मी साहेब,
ऑफिसात इन्स्पेक्शन,
पगाराच्या यादीत सतरा.
पेन मागितलं. सहीच्या खाली सुटी सुटी अक्षरं काढली,
हाताला सवय नव्हती, ‘भ’ची गाठ दोनदा चुकली.

भूपाल आदगोंडा मगदूम.

कास्टिंग साखळीला टांगून
आम्ही त्यावर हातोडी मारून ऐकतो;
तडा असला तर आवाज बसका येतो.
त्यानं माझं नाव तसं म्हटलं,
एकदाच, मोठ्यानं, रिक्षांच्या गर्दीत,
आणि मान तिरकी करून थांबला.

“वाजतंय की चांगलं,” म्हणाला,
आणि चिठ्ठी टोपीच्या घडीत ठेवून
यादवनगराकडं वळला.