सेमिनरी हिल्सची टेकडी

उंची विचारू नका, बाप्पा.
सायकलवरून न उतरता चढता येते.

मे महिना. साग पूर्ण उघडा,
पळसाची पानं कागदासारखी वाजतात
आणि काळा दगड
रात्री नऊलाही तव्यागत.

उपरीकरकाका सर्वेक्षणात होते.
म्हणतात, लाव्हा पश्चिमेकडून आला,
इथवर येऊन दमला.
पूर्वेला दुसरीच जमीन, फार जुनी,
तिला याचा पत्ताच नाही.

फुटाळ्याकडून जरासा ओला वारा.
दगडाच्या एका बारीक छिद्रात
मी नख घालून पाहते:
इथून वाफ निघाली होती,
साडेसहा कोटी वर्षांपूर्वी.
नख बरोबर बसतं.

काका गुडघा धरून उठतात.
"चढ काहीच नाही गं," म्हणतात,
"उतारच जीव घेतो."