चालेल

होल्डरनेस रोडवर, बंद पडलेल्या बँकेच्या जागी
जुने कॉम्प्युटर नीट करून विकणारं एक दुकान आहे.
काचेमागे एक काळा डबा, चपलांच्या खोक्याएवढा,
गळ्यात पिवळी चिठ्ठी: एकशे एकोणतीस पौंड.
मॉनिटरचे वेगळे. माउस फुकट.

दुकानदार कीथ. चष्मा नाकावर घसरलेला,
बोटं चिप स्पाइसने तांबूस.
विचारलं, चांगला आहे का?
म्हणाला, कशाला हवाय त्यावर आहे.

आता हे काय उत्तर झालं?
फ्रिज घेताना कुणी विचारलं नव्हतं
दूध किती ठेवणार म्हणून.

घरी आले, गॅसच्या बिलाच्या पाठीवर लिहायला बसले.
श्रीरंगला: बस डेपोचा शिफ्टचा तक्ता बघायला,
पगाराची पावती छापायला
(छापायची कशावर, ते नंतर),
आणि इचलकरंजीच्या कबड्डीच्या मॅचेस.
खरं तर मॅचेसच. तक्ता फोनवर दिसतो.
ऊर्मीला गणित,
जे हल्ली वहीत नसतं, पासवर्डामागे असतं.
मला केअर होमचं ट्रेनिंग:
म्हातारं माणूस उचलताना पाठ कशी ठेवायची,
आग लागली तर आधी कुठलं दार.
तीस प्रश्न, बोटभर पडद्यावर.
'पुढे' दाबायला जावं तर 'बंद करा' दाबलं जातं.
तीनदा आगीत अडकले मी अशी.

भाच्याला पुण्याला फोन लावला.
मावशी, आठ जीबीत आजकाल काही होत नाही,
थोडे वाढव, चांगला घे.
थोडे म्हणजे? चारशेपर्यंत.
चारशेत आमचा अख्खा डिसेंबर गरम होतो.
अंथरूण पाहून पाय पसरावेत, म्हटलं.
तो हसला. पण पाय वाढतात ना, मावशी.
वाढतात. ऊर्मीचे शाळेचे बूट
दर सहा महिन्यांनी मला तेच सांगतात.

लॅपटॉप का नाही, हा प्रश्न श्रीरंगचा.
त्याला काय सांगू.
या गावाचं नाव हल,
आणि आठ वर्षांत आपण चार घरं हललो.
एक तरी वस्तू असावी
जी उचलून कुणी आपापल्या खोलीत नेणार नाही,
वायरीने भिंतीला बांधलेली,
जिन्याखाली, व्हॅक्यूमच्या शेजारी.
हे मी बोलले नाही. म्हटलं, स्वस्त पडतो.

शनिवारी तिघं गेलो.
बाहेर हम्बरवरचा वारा, आत हीटर आणि धूळ.
कीथने बटण दाबलं, श्रीरंगने आकडे मोजले,
सत्तावीसला पडदा उजळला.
आपल्या किटलीच्या आधी, तो म्हणाला,
आणि एवढ्यानेच त्याचं समाधान झालं.
ऊर्मीने गणित उघडलं. उघडलं.
त्याच्या शेजारी व्हिडिओ लावला,
त्याच्या शेजारी आणखी काहीतरी,
तेव्हा बाण अडखळला, जिना चढताना
गुडघा धरून थांबावं तसा,
आणि मग चढला.

मी तिच्याकडे पाहिलं.
चालेल, ती म्हणाली.

अकरा वर्षांची पोर.
तो शब्द तिने कुठून उचलला ते मला ठाऊक होतं.
दुसऱ्याच्या मापाचा कोट अंगावर घालून
आरशासमोर मी असंच म्हणते,
याच आवाजात, मान अशीच तिरकी करून.

मी कीथला विचारलं,
मेमरी दुप्पट करायला किती?
बावीस. दहा मिनिटं थांबा.
श्रीरंगने माझ्याकडे पाहिलं.
माझ्या नव्या चष्म्याचे बाजूला ठेवलेले,
त्यातले बावीस मी काढले.
प्रश्न मोठे दिसणार असतील
तर चष्मा वसंतापर्यंत थांबेल.

टेनफुटातून डबा श्रीरंगने आणला, लेकरासारखा, छातीशी धरून.
मॉनिटर माझ्याकडे, माउस ऊर्मीच्या खिशात,
शेपटी बाहेर लोंबत.

रात्री एका पडद्यासमोर तीन खुर्च्या,
त्यातली एक बागेतली.
आग लागली तर आधी कुठलं दार, हे मी बरोबर सांगितलं.
सर्टिफिकेट आलं. छापा, असं लिहिलं होतं.

प्रिंटरचं बघू.