पान एकशे बारा

डिसेंबरात ग्लासगोला साडेतीनलाच दिवे लागतात.
इशबेल मॅकऑस्लन, जिनं चाळीस वर्षं
नाटकवाल्यांच्या टोपांत एकेक केस ओवला,
ती कादंबरी पुन्हा काढते.
पुठ्ठ्याचा डिंक सुटलाय. आत ट्रामचं तिकीट;
ट्राम कधीच्याच गेल्या.

एकोणिसाव्या वर्षी तिनं रेघा ओढल्या होत्या
त्या देखण्या उमरावाच्या प्रत्येक वाक्याखाली.
समासात ‘अगदी!’ असं, दोनदा.
तो बोलू लागला
की मेणबत्त्यासुद्धा कान टवकारायच्या.
आता ती वाक्यं तिला
टोपाच्या आतल्या बाजूसारखी दिसतात:
कुठली गाठ कुठं मारलीय, कळतं.

पान एकशे बारा. जेवणाचं टेबल.
‘धोबीण गेली म्हणे काल, नदीत,’
नोकर वाकून सांगतो.
उमराव हातमोजे न्याहाळतो.
‘जाताना इस्त्री मात्र छान करून गेली.’
सगळं टेबल हसतं. प्रकरण संपतं.

इथली रेघ सगळ्यांत जाड,
कागद जरासा फाटलेला.
म्हणजे मीही हसले होते, एकटी, खोलीत.

खोडरबर शिवणाच्या डब्यात.
घासून रेघ जाते, खाच राहते.
ती मागची पानं चाळते,
धोबिणीला नाव असेल कुठंतरी.
नाही.

डबा मिटताना हाताला दोरा लागतो,
दोन गाठींच्या मधे नेटाच्या डोक्याचं माप.
नेटा, रंगपटातली. आजारात केस गेले तिचे.
‘टोप करून देते,’ म्हटलं होतं,
आणि ती वळताच सगळ्यांसोबत
 हसले होते.